विषय: भाच्याच्या फॉर्मवर चुकीची खूण, बुधवारी बोर्डाला जायचं की नाही? (तातडीचं)

मंडळी,
भाच्याबद्दल गणपतीत बोललो होतो, त्यामुळे पुन्हा सगळं लिहीत नाही. ताईने परवा तालुक्याच्या सायबर कॅफेत त्याच्या यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा) अर्ज भरला. दुकानातल्या पोराने विचारलं, "डोक्याचं हाय ना?" ताई हो म्हणाली. त्याने "मानसिक आजार" वर टिकलं आणि सबमिट. ऑटिझम (स्वमग्नता) असल्याचा नागपूरच्या डॉक्टरांचा दोन वर्षांपूर्वीचा कागद ताईच्या पिशवीतच होता, कोणी मागितला नाही.

बुधवारी जिल्ह्याला दिव्यांगत्व तपासणारं मेडिकल बोर्ड आहे. याआधी दोन खेपा वाया गेल्यात. एकदा मानसतज्ज्ञ रजेवर, एकदा "सर्व्हर डाऊन". आता कापूस वेचणी चालू आहे, किलोवर मजुरी, एक दिवस गेला की गेला. तसंच जाऊ दे, की आधी फॉर्म दुरुस्त करायचा? निरामय विम्याला याने फरक पडतो का?
– भाच्याचा मामा

---

पडतो, चांगलाच पडतो! निरामय ही केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची योजना. ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्यात चारच गोष्टी येतात: ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता. मानसिक आजार त्यात नाही. त्या खुणेचं कार्ड हातात पडलं तर एक लाखापर्यंतचा विमा, ओपीडीतल्या थेरपीसकट, हातचा जाईल. आधी दुरुस्ती, मग बोर्ड. माझ्या दिराच्या मुलीच्या वेळी मी हे सगळं केलंय.
– वहिनी (ग्रंथालय)

---

वहिनींना विरोध नाही, पण बोर्डावरचे डॉक्टर मूल बघून ठरवतात, सायबर कॅफेवाला नाही. जाऊ द्या बुधवारी.

आणि इथे अमेरिकेत तरी काय वेगळं आहे? विम्यात मानसिक आणि शारीरिक उपचारांना सारखं वागवायचा २००८ चा समानतेचा कायदा आला, २०१० मध्ये ओबामांचा आरोग्य विम्याचा आला, २०१४ पासून व्यक्तिगत आणि छोट्या कंपन्यांच्या विम्यात मानसिक आरोग्य सक्तीचं झालं. आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. मग आमच्या मुलाच्या बिहेवियर थेरपीला नकार. का? तर माझी कंपनी मोठी, दाव्यांचे पैसे स्वतःच भरणारी, ऑटिझमच्या थेरपीला विमा द्यायचा राज्याचा नियम तिला लागूच नाही. त्यावर सात महिने वेटिंग लिस्ट. शेजारच्या मेडिकेडवाल्या (गरिबांसाठीचा सरकारी विमा) बाईच्या पोराला मात्र २१ व्या वर्षापर्यंत गरजेचे उपचार द्यावेच लागतात, कायदाच आहे तसा. २०२५ च्या जुलैत मेडिकेडला कात्री लावणारा कायदा झाला, तेव्हापासून तिची झोप उडाली आहे. भारतात निदान २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे, विमा कंपनीने शारीरिक आजारासारखंच वागवायचं.
– अण्णा

---

अण्णा, तो कायदा मीही वाचलाय. त्यातल्या "मानसिक आजार" च्या व्याख्येतून बुद्धीची वाढ खुंटलेली अवस्था स्पष्ट वगळली आहे. म्हणजे एका कायद्यात मानसिक आजार म्हटलं की दार बंद, दुसऱ्यात म्हटलं नाही की दार बंद. आयुष्मानचे पाच लाख आहेत, पण ते भरती झालेल्याला. हे पोर भरती कशाला होईल? त्याला आठवड्यातून दोन तास कोणीतरी समोर बसून हवंय.

मामा, शाळेत मुलं तपासायला सरकारच्या बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं ना वर्षातून एकदा? त्यांच्या यादीत ऑटिझम आहे. त्यांनी का नाही पकडलं?
– वहिनी

---

पथक आलं होतं. वजन, उंची, दात. हा पाण्याच्या टाकीमागे कान झाकून बसला होता, गुरुजी म्हणाले गैरहजर लिहा. शेजारच्या शेतात मोटार सुरू झाली तरी मनगट चावतो. एरवी शांत. उंबऱ्यावर सरकीची रांग लावतो, एकेक बी एका दिशेला. एक हलली की भिंतीवर डोकं. गावात बाहेरची बाधा म्हणतात, ताई आता उत्तर देत नाही कोणाला.
– मामा

---

एवढं सगळं करण्यापेक्षा त्याला सरळ पुण्याला आणा ना. माझ्या नणंदेच्या ओळखीचं सेंटर आहे, फार छान. राहायचंही बघू.
– पुण्याची मावशी

---

घ्या! सगळ्या दुनियेले पुण्यालेच न्या. मावशी, गावाहून जिल्ह्याले जायले सकाळी एकच लाल डबा हाय, तो चुकला की दिवस गेला. माय शेतात, बाप ट्रकवर. पुण्यात राहून दोघं खातील काय, तुमच्या नणंदेची ओळख? आमच्या इकडं थेरपिस्ट का नाही, ते कोणी नाही इचारत. कागदावर तर २०१६ च्या कायद्यानं २१ प्रकार केले, ऑटिझम त्यातच आला. कागदं लय हाय बाप्पा, पोराजवळ बसणारं माणूस नाही.
– अकोल्याचा

---

अकोलेकर, जरा जपून. मावशी मदतच करतेय.

दोन गोष्टी. एक, मंडळाच्या विदर्भ निधीवर कोणी डोळा ठेवू नये, तो वार्षिक सभेत शाळेच्या टाकीसाठी मंजूर झालाय, कमिटीशिवाय हलणार नाही. दोन, तिथल्या संस्थेला थेरपिस्टसाठी पैसे पाठवू या असं मागे अण्णा म्हणाले होते. आपल्यातले निम्मे अमेरिकन पासपोर्टवाले, तो पैसा परदेशी देणगी धरला जातो. संस्थेला एफसीआरए (परदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी हवी, खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत हवं. मामाने आपल्या बहिणीला पाठवायचं ते खुशाल पाठवावं.
– खजिनदार

---

टाकीचा ठराव मी मांडला होता, थेरपिस्टविरुद्ध नव्हे. आणि मी "पाठवू या" म्हटलं नव्हतं, "विचार करू" म्हटलं होतं. मिनिट्स बघा.
– अण्णा

---

मंडळी, बुधवारची गोष्ट. अण्णांचं ऐकून ताई गेली. खिडकीवरच्या बाईंनी नागपूरचा कागद उलगडून पूर्ण वाचला, असं ताई दोनदा सांगत होती. म्हणाल्या, या खुणेवर आज तपासणी झाली तर तुमचंच नुकसान. कॅफेतून अर्ज बदलून पुढच्या आठवड्यात या, मी नाव वर ठेवते. म्हणजे वहिनी बरोबर, आणि खेप तिसरी. कॅफेवाल्या पोराने दुरुस्तीचे परत ५० रुपये घेतले. येताना भाच्याने बसमध्ये मागच्या सीटवर तिकिटांची रांग लावली, कंडक्टरने हलवली नाही.
– मामा

---

मी २० तारखेला नागपूरला जातेय, अकोलेकरांकडे सामान देईन. भाच्याला शेंगदाण्याची चिक्की चालते का?
– पुण्याची मावशी

---

चालते मावशी. फक्त वाजणारा कागद नको, वर्तमानपत्रात बांधा.
– मामा