मिरजेतील रुग्णालयाच्या दिशादर्शक पाट्या : अक्षरांचा आकार आणि रंग यांबाबत मदत हवी आहे

नमस्कार,

मी सांगलीत ग्राफिक डिझाइनची कामे करतो. कुपवाड एमआयडीसीतील कारखान्यांचे सुरक्षा फलक आणि एका शाळेच्या इमारत निधीसाठी मुलांच्या चित्रांची दिनदर्शिका अशी कामे आजवर केली आहेत. आता मिरजेतील एका रुग्णालयाच्या आतील सर्व पाट्या करावयाच्या आहेत. 1894 मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी मिशन रुग्णालय सुरू केले तेव्हापासून मिरजेला दुरून रुग्ण येतात. आजही जत, अथणी, चिकोडी, विजयपूर या भागांतून येणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यामुळे प्रत्येक पाटीवर मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्या बसवाव्या लागत आहेत.

पहिली अडचण अक्षरांच्या आकाराची आहे. दहा फूट अंतरासाठी एक इंच उंचीचे अक्षर हा आमच्या व्यवसायातील ठोकताळा इंग्रजीच्या मोठ्या अक्षरांवरून आलेला आहे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा आणि रफार, तर खाली उकार येतो. म्हणून एक इंच मोजायचा तो शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत, की मात्रांसह? मात्रांसह मोजल्यास मूळ अक्षर इतके लहान होते की ‘स्त्रीरोग’सारख्या शब्दातील जोडाक्षर लांबून गिचमिड दिसते. कन्नडमध्ये ओत्ताक्षर, म्हणजे जोडाक्षरातील पुढचे व्यंजन, अक्षराखाली येत असल्याने तेथे ओळींमधील अंतरही वाढवावे लागते. तीनही लिप्या सारख्याच ठळक दिसाव्यात यासाठी आपण कोणते प्रमाण ठेवता?

दुसरी अडचण मला अधिक गंभीर वाटते. रुग्णाला वाट सापडावी म्हणून जमिनीवर रंगीत पट्टे ओढण्याचे ठरले होते : रक्त तपासणीसाठी लाल, एक्स-रेसाठी पिवळा, औषधांच्या दुकानासाठी निळा. आराखडा पाहताच तेथील ज्येष्ठ परिचारिकांनी हरकत घेतली आणि ती मला पूर्णपणे पटली. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनुसार पिवळा, लाल, पांढरा आणि निळा हे रंग कचऱ्याच्या वर्गीकरणासाठी ठरलेले आहेत, आणि कर्मचाऱ्यांची नजर त्या रंगांना सरावलेली असते. हिरवा रंग आपत्कालीन बाहेर पडण्याच्या मार्गासाठी राखून ठेवणे योग्य. मग नारिंगी, तपकिरी आणि जांभळा एवढेच उरतात. परंतु मोतीबिंदूमुळे डोळ्यातील भिंग पिवळसर झालेल्या वृद्धांना जांभळा आणि निळा नीट वेगळे ओळखता येत नाहीत, आणि येथे येणाऱ्यांत वृद्ध पुष्कळ असतात.

माझा विचार असा आहे की, रंग दुय्यम ठेवून प्रत्येक विभागाला ठळक अंक आणि एक साधे चित्र द्यावे, म्हणजे केसपेपरच्या खिडकीवरील कर्मचारी ‘चार नंबरला जा’ एवढेच सांगू शकेल आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही पोहोचता येईल. शब्दही ‘क्ष-किरण विभाग’ न लिहिता ‘एक्स-रे’ असाच लिहिण्याचा माझा आग्रह आहे, कारण रुग्ण तोच शब्द विचारत येतो.

अंक आणि चित्रांची अशी पद्धत कोणी प्रत्यक्ष वापरली आहे काय? अंक देवनागरीत ठेवल्यास कन्नड वाचकांची अडचण होईल, म्हणून मी इंग्रजी अंक घेण्याच्या मताचा आहे. पुढील आठवड्यात तळमजल्याच्या पाट्या आधी कागदावर छापून भिंतींवर लावणार आहोत. त्यापूर्वी रुग्णालयांची कामे केलेल्या जाणकारांनी आपला अनुभव सांगितल्यास पाट्यांमध्ये तसे बदल करता येतील.