नौदल अग्निवीर एसएसआर: ट्रेड आपल्याला मागता येतो का? आणि मागायचाच तर कोणता?

कृष्णाकाठ

भाचा इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. वय 19, गाव सातारा जिल्ह्यात, शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून. नौदलात अग्निवीर म्हणून एसएसआरमधून (सीनियर सेकंडरी रिक्रूट, म्हणजे बारावी किंवा डिप्लोमावरची भरती) जायचं त्याने पक्कं केलं आहे. घरात प्रश्न असे आहेत:

फॉर्म भरतानाच ट्रेड, म्हणजे कामाची शाखा, निवडायचा असतो का? नसेल तर तो ठरतो कधी? इंजिन, इलेक्ट्रिकल आणि सीमन यांत रोजच्या कामाचा फरक नेमका काय? जवळच्या एका अकॅडमीत सांगतात, "आधी एमआर भरून आत जा, मग ट्रेड बदलून घेता येतो." हे खरं आहे का? आणि बहिणीची मुख्य काळजी म्हणजे चार वर्षांनंतर काय.

माहीतगारांनी सविस्तर लिहावं, ही विनंती.

डोलकाठी

आधी अकॅडमीच्या सल्ल्याबद्दल. तो ऐकू नका. एमआर आणि एसएसआर या दोन वेगळ्या भरती आहेत, एकाच जिन्याच्या पायऱ्या नव्हेत. एमआर (मॅट्रिक रिक्रूट) दहावीवर आहे आणि त्यातली कामं म्हणजे शेफ, स्टुअर्ड, हायजीनिस्ट. शेफने शाकाहारी-मांसाहारी दोन्ही स्वयंपाक करायचा आणि शिध्याचा हिशेब ठेवायचा. स्टुअर्डकडे अधिकाऱ्यांच्या मेसची व्यवस्था. हायजीनिस्टकडे स्वच्छतागृहं आणि इतर जागांची सफाई. ही कामं जहाजाला लागतातच आणि ती करणारा माणूस तितकाच नौसैनिक असतो, शस्त्र चालवण्याचं प्रशिक्षणही त्याला मिळतं. पण इलेक्ट्रिकल डिप्लोमा हातात असलेल्या मुलाने केवळ परीक्षा सोपी म्हणून तिकडे जाणं म्हणजे तीन वर्षांचं शिक्षण बंदरावर ठेवून जहाज सोडणं. आत जाऊन एमआरचा एसएसआर होईल, हे धरून चालू नका.

एसएसआरसाठी बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं किंवा तीन वर्षांचा डिप्लोमा. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, ऑटोमोबाइल, कॉम्प्युटर सायन्स, इन्स्ट्रुमेंटेशन, आयटी या शाखा त्यात येतात. किमान 50 टक्के हवेत. भाचा यात बसतो.

आता ट्रेड. एसएसआरमध्ये तुम्ही नौदलात भरती होता, ट्रेडमध्ये नव्हे. पहिले सुमारे चार महिने ओडिशातल्या आयएनएस चिल्का इथे मूलभूत प्रशिक्षण, मग मिळालेल्या ट्रेडच्या शाळेत रवानगी. ट्रेड सेवेच्या गरजेनुसार दिला जातो. म्हणजे त्या बॅचला इंजिनकडे माणसं हवी असतील तर मुलं इंजिनकडे जातील, डिप्लोमा कशाचा का असेना. "इलेक्ट्रिकल मिळालं तरच जाईन" असं मनात असेल तर फॉर्म भरू नये. स्वतःच्या विनंतीवरून मध्येच बाहेर पडता येत नाही, अपवादात्मक परिस्थितीत सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीनेच सुटका होते.

आपल्या हातात दोनच गोष्टी राहतात: गुण आणि शरीर. लेखी परीक्षेत 100 प्रश्न, 60 मिनिटं, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. इंग्रजी, विज्ञान, गणित आणि सामान्य ज्ञान असे चार भाग असतात आणि प्रत्येक भागात स्वतंत्र पास व्हावं लागतं. पेपर हिंदी-इंग्रजीत असतो, मराठीत नाही. मराठी माध्यमातली मुलं गणितात तरतात आणि इंग्रजीच्या भागात बुडतात. एकूण बेरीज चांगली असूनही नाव यादीत नसतं ते यामुळे. भाच्याने रोजचा अर्धा वेळ इंग्रजीलाच द्यावा.

तेलपाणी

कामाच्या फरकाबद्दल लिहितो, कारण "इंजिन घाण, इलेक्ट्रिकल स्वच्छ, सीमन म्हणजे डेक पुसणं" एवढ्यावरच मुलं मत बनवतात.

इंजिनवाल्यांचं प्रशिक्षण आपल्याच लोणावळ्याला, आयएनएस शिवाजीत. जहाजावर मुख्य इंजिनं, जनरेटर चालवणारी डिझेल इंजिनं, पंप, इंधन शुद्ध करणारी यंत्रं, गोडं पाणी बनवणारा प्लांट, वातानुकूलन हे सगळं त्यांच्याकडे. वॉचवर, म्हणजे कामाच्या पाळीत, ठरावीक वेळाने फेरी मारून तेलाचा दाब, पाण्याचं तापमान, बिल्जमध्ये (जहाजाच्या तळाशी) साठलेलं पाणी बघायचं आणि नोंदवायचं. खरी नजर लागते ती गळतीला. इंधनाच्या नळीचा जोड किंचित सैल झाला की केसाएवढी फवार उडते. ती तापलेल्या एक्झॉस्टवर पडली की आग. इंजिनरूममधल्या आगींचं हे नेहमीचं कारण आहे. म्हणून एक्झॉस्टवरचं उष्णतारोधक आवरण कुठे फाटलंय, कुठे तेलाने ओलं झालंय, हे बोट लावण्याइतक्या जवळून बघणारा मुलगा तिथे टिकतो. उकाडा आणि आवाज प्रचंड. कानावर मफ न घालणाऱ्याचं ऐकणं कायमचं कमी होतं, ते परत येत नाही.

इलेक्ट्रिकलची शाळा जामनगरला, आयएनएस वलसुरा. यात ढोबळमानाने दोन वाटा आहेत. पॉवरवाल्यांकडे जनरेटर, स्विचबोर्ड, मोटर्स, केबल. रेडिओवाल्यांकडे रडार, सोनार, दळणवळणाची उपकरणं. भाच्याने कॉलेजात न पाहिलेली एक गोष्ट सांगतो. जहाजावरची वीज सहसा जमिनीपासून, म्हणजे पोलादी सांगाड्यापासून, वेगळी ठेवलेली असते. एका फेजचा सांगाड्याला स्पर्श झाला तरी ब्रेकर पडत नाही, कारण लढाईत एका बिघाडाने सुकाणूची मोटर बंद पडून चालणार नाही. मग बिघाड कळतो कसा? स्विचबोर्डवर तीन अर्थ लॅम्प, म्हणजे सांगाड्याशी झालेला स्पर्श (अर्थ) दाखवणारे दिवे, असतात. तिन्ही सारखे जळत असतील तर ठीक. एक मंद होऊन बाकीचे दोन प्रखर झाले की त्या मंद दिव्याच्या फेजला अर्थ लागला. मग एकेक फीडर (वीजवाटपाची लाइन) बंद करत शोधायचं, कारण दुसऱ्या फेजलाही अर्थ लागला तर ते थेट शॉर्ट सर्किट. खारट दमट हवेत इन्सुलेशन सतत उतरतं, त्यामुळे ते मोजणारा मेगर हातातून सुटत नाही.

सीमन म्हणजे नुसतं डेक नव्हे. तोफा, क्षेपणास्त्रं, पाणबुडीविरोधी काम, रडार प्लॉटिंग हे सगळं याच शाखेत येतं. तोफखान्याची शाळा कोचीला आयएनएस द्रोणाचार्य. पाणबुड्या, गोताखोर, मार्कोस (नौदलाचे कमांडो) यांसाठी स्वेच्छेने नाव द्यावं लागतं आणि वैद्यकीय निकष आणखी कडक. विमानांची देखभाल ही वेगळी शाखा, तिचं तांत्रिक प्रशिक्षण कोचीला. गोव्यातलं आयएनएस हंसा हा नौदलाचा मोठा हवाई तळ असल्याने त्या ट्रेडच्या मुलांची पोस्टिंग तिकडेही होते.

वॉच सगळ्यांनाच. 24 तासांचे सात भाग: पाच वॉच चार-चार तासांचे, आणि संध्याकाळी 4 ते 6 व 6 ते 8 असे दोन अर्धे. भाग सात केले की पाळी रोज सरकते, एकाच माणसाच्या वाट्याला रोज मध्यरात्र येत नाही.

कृष्णाकाठ

फार उपयोगी. एक शंका राहिली. शाळेच्या तपासणीत भाच्याला ठिपक्यांमधले आकडे वाचताना लाल-हिरव्यात गोंधळ झाला होता. तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही.

डोलकाठी

फॉर्म भरण्याआधी नेत्रतज्ज्ञाकडे जा. ट्रेडच्या चर्चेआधी हे स्पष्ट व्हायला हवं. ठिपक्यांच्या त्या पुस्तिकेला इशिहारा म्हणतात. काही मुलं तिचे आकडे पाठ करून जातात. त्याचा उपयोग नाही, कारण रंगीत दिव्यांची वेगळी चाचणी असते.

रंगाचा आग्रह उगाच नाही. रात्री जहाजाच्या डाव्या बाजूला लाल दिवा असतो, उजव्या बाजूला हिरवा. लुकआउटला (डेकवर नजर ठेवणाऱ्याला) समोर फक्त लाल दिसला तर ते जहाज आपल्या उजवीकडून डावीकडे चाललंय. फक्त हिरवा दिसला तर उलट. लाल-हिरवे दोन्ही दिसले तर ते सरळ अंगावर येतंय. हा निर्णय काही सेकंदांत घ्यायचा असतो.

जाता जाता: कानातला मळ आणि दातांवरचं कीटण आधीच काढून घ्या. एवढ्यावरून मुलं तात्पुरती अपात्र ठरतात.

सागरगोटा

मुलीने बारावीला जीवशास्त्र घेतलं, गणित सोडलं असेल तर?

तेलपाणी

मग साधं एसएसआर नाही. एसएसआर मेडिकल असिस्टंट अशी वेगळी भरती निघते. त्यासाठी भौतिक, रसायन, जीवशास्त्र घेऊन एकूण 50 टक्के आणि प्रत्येक विषयात 40 लागतात. त्या जाहिरातीत मुलींना संधी आहे का, तेवढं मात्र बघून घ्या.

नांगरवाट

चार वर्षांनंतरचं बोलू. बॅचमधल्या जास्तीत जास्त 25 टक्के मुलांना कायम केलं जातं. म्हणजे चारांतले तीन बाहेर येणार, असं धरूनच घराने हिशेब मांडावा.

पगार पहिल्या वर्षी 30,000, त्यातले 9,000 सेवानिधीत (चार वर्षांनी एकरकमी मिळणारी रक्कम) कापले जातात, हातात 21,000. चौथ्या वर्षी 40,000 पैकी 28,000 हातात. चार वर्षांत मुलाची कपात 5.02 लाख होते, सरकार तेवढेच घालतं. 10.04 लाख आणि वर व्याज, करमुक्त. पेन्शन, ग्रॅच्युइटी नाही. त्या काळात लग्नही करता येत नाही.

बाहेर आल्यावर ट्रेडचा खरा कस लागतो. व्यापारी जहाजांवर इलेक्ट्रिकल रेटिंग, इंजिन आणि कुक या वाटा अग्निवीरांसाठी खुल्या करण्याची घोषणा बंदरे, नौवहन आणि जलमार्ग मंत्रालयाने जून 2022 मध्येच केली. त्यासाठी इंडोस नंबर (खलाशाचा नोंदणी क्रमांक), सीडीसी (खलाशाचं ओळख-पुस्तक) आणि एसटीसीडब्ल्यूचे (खलाशांच्या प्रशिक्षणाची आंतरराष्ट्रीय मानकं) कोर्स लागतात. थोडक्यात, इलेक्ट्रिकल किंवा इंजिन मिळालं तर भाच्याचा डिप्लोमा आणि समुद्रावरचा अनुभव एकाच रेषेत येतात. सीमनचा तोफखाना मिळाला तर सीएपीएफमधलं (बीएसएफसारखी केंद्रीय सशस्त्र पोलीस दलं) माजी अग्निवीरांचं आरक्षण जास्त जवळचं. शिवाय नोकरीत असताना इग्नूची पदवी घेता येते, निम्मे क्रेडिट प्रशिक्षणाचेच धरले जातात. पहिल्याच वर्षी नाव घालायला सांगा. तिसऱ्या वर्षी सुरू करणाऱ्यांची पदवी अर्धवट राहते.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेते. धावण्याचं काय धरायचं?

डोलकाठी

मुलांना 1.6 किलोमीटर 6 मिनिटं 30 सेकंदांत. 400 मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या, म्हणजे एका फेरीला साडेसत्त्याण्णव सेकंद. पहिली फेरी 80 सेकंदांत मारणारे तिसऱ्या फेरीत बसतात. घड्याळ लावून पहिली फेरी 95 ला आणायची सवय करू दे. सोबत 20 उठाबशा, 15 पुशअप, 15 सिटअप. पुशअपमध्ये छाती पूर्ण खाली गेली नाही तर तो मोजत नाहीत, म्हणून घरी 25 चा सराव ठेवा.