साठीनंतर लाँग रन केला की पोटऱ्या, टाचा आखडतात. काय करावं?

घाटावरचा
नमस्कार मंडळी. वय ६२, पळायला लागलो तेच पन्नाशीनंतर, सध्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी चालूये. पळताना काही म्हणजे काही त्रास नाही, पण रविवारी लाँग रन करून आंघोळ उरकून तासभर पेपर घेऊन बसलो की उठताना पोटऱ्यांचं लाकूड झालेलं असतं आणि सोमवारी सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला की टाचेतून अशी कळ जाते की बाथरूमपर्यंत भिंत धरत जावं लागतं. दहा-बारा पावलं टाकली की सुटतं. स्ट्रेचिंग रोज करतो, रात्री तिळाचं तेल चोळतो. मुलगा म्हणतो बाबा आता नुसतं चाला. तो सल्ला सोडून बाकी सगळे चालतील.

टाच_उचल
काका, सकाळच्या पहिल्या पावलाला कळ आणि मग सुटणं हे प्लांटर फॅसिआयटिससारखं (तळव्याखालचा पट्टा टाचेशी दुखावणं) वाटतंय, फिजिओला एकदा दाखवाच. पण मूळ बहुतेक पोटरीत आहे. वय वाढतं तशी पोटरीची ताकद उतरते, पळताना अंग पुढे ढकलायचं मोठं काम तिचंच, मग तेच अंतर तिला जड जायला लागतं आणि ती आखडून बसते. थकलेल्या पोटरीला नुसतं ताणून काय होणार, तिला ताकद पाहिजे.

जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, कठडा धरायचा, दोन्ही पायांनी वर जायचं आणि एकाच पायावर तीन आकडे मोजत हळूहळू टाच पायरीच्या खाली सोडायची. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा थोडा वाकवून. वाकवून करायचं बरेच जण टाळतात, पण आतला सोलियस नावाचा स्नायू तसाच कामाला लागतो आणि लांब पळताना खरी हमाली तोच करतो. स्वीडनच्या आल्फ्रेडसन नावाच्या डॉक्टरने १९९८ साली अ‍ॅकिलिस (टाचेमागचा जाड दोर) दुखणाऱ्या रनर्सना हेच दिलं होतं, १५ चे ३ सेट, दोन्ही प्रकारे, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. तुम्ही एकाआड एक दिवस करा, सुरुवातीला दोन्ही पायांवरच. टाचेसाठी बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून तेच करायचं, तळव्याला बरोबर ताण बसतो. आणि घरात फरशीवर अनवाणी फिरणं तूर्त बंद, पलंगाशीच चप्पल ठेवा.

जुनं_खोड
स्ट्रेचिंगचं फार मनावर घेऊ नका. कॅनडाचा एड व्हिटलॉक ७३ व्या वर्षी २ तास ५४ मिनिटांत मॅरेथॉन पळला, तो बाबा स्ट्रेचिंगच्या वाटेला जायचा नाही, टोरांटोजवळच्या मिल्टन गावात घराजवळच्या स्मशानभूमीत तासन्‌तास हळूहळू फेऱ्या मारायचा. आपल्याला तेवढं जमणार नाही, पण हळू पळणं हे घेण्यासारखं आहे. आपले साठीतले लोक रोजच ग्रुपमधल्या तिशीतल्या पोरांच्या पेसने पळतात आणि मग पाय आखडले म्हणून रडतात.

दुसरं, रन संपला की लगेच बसू नका, पंधरा मिनिटं चाला, पेपर नंतर वाचा, बातम्या कुठं पळून जात नाहीत. घरोघरी कमोड आल्यापासून उकिडवं बसणं गेलं, घोटे त्यानेही आखडलेत. गुडघा कुरकुरत नसेल तर खिडकीचा गज धरून रोज थोडा वेळ उकिडवं बसा, टाचा टेकवून. आणि साताऱ्यात येवतेश्वरचा घाट चढण्यापेक्षा उतरताना मांड्यांची जास्त वाट लागते, तेव्हा आधी दोन-तीन आठवडे छोट्या उतारावर सावकाश पळून घ्या, नाहीतर रेसनंतर दोन दिवस जिना उलटा उतरावा लागेल.

औषधवाली
सगळे व्यायामच सांगताहेत म्हणून विचारते, गोळ्या कुठल्या चालू आहेत? कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिनने काहींचे स्नायू दुखतात. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स तर साठीनंतर जपूनच, त्यांनी टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारा दोर, दुखावतो, क्वचित तुटतोसुद्धा, त्यामुळे अशी गोळी लिहून दिली तर मी पळतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. शुगर, थायरॉइड, बी १२, डी ही रक्ततपासणी बरेच दिवसांत झाली नसेल तर करून घ्या.

एकच पोटरी सुजली, गरम लागली तर चोळत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना. चालताना ठरावीक अंतरावर पोटरी भरून येते आणि थांबलं की मोकळी होते असं असेल तर रक्तपुरवठा तपासायला हवा. सकाळचा ताठरपणा तासाभराहून जास्त टिकत असेल तर संधिवाताकडे बघावं लागेल.

घाटावरचा
स्टॅटिन चालू आहे हो, रात्रीची. बंद करून बघू का थोडे दिवस? आणि टाच_उचल, पायरीवर करताना जरा दुखलं तर चालतं का?

औषधवाली
अजिबात स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, ते डोस कमी करतील किंवा गोळी बदलतील, गरज वाटली तर सीपीके (स्नायूंना इजा झालीय का हे दाखवणारी रक्ततपासणी) करतील. आणि तुमचं तर दहा पावलांत सुटतंय, म्हणजे गोळीचा संबंध नसेलही.

टाच_उचल
थोडं दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळची कळ नेहमीपेक्षा जास्त असेल तर आकडा कमी करायचा. दोन आठवड्यांत फरक शोधू नका, तीन महिने धरून चाला. सातारा तोंडावर आलं असेल तर यंदा आरामात पळा, टायमिंग पुढच्या वर्षी.