जूनमध्ये डेथ व्हॅली, सोबत आई-बाबा: लास वेगासहून कसं जमवावं?

पळसफूल
नागपूरहून आलेले आई-बाबा (वय ६८ आणि ७२) १५ जूनच्या सुमारास आमच्याबरोबर लास वेगासला असतील. तिथून डेथ व्हॅली (कॅलिफोर्नियातलं वाळवंटी राष्ट्रीय उद्यान) बघायचा विचार आहे. गाडी भाड्याची, साधी सेडान. बाबांना गुडघ्यामुळे फार चालवत नाही, आईला बीपीची गोळी आहे. एका दिवसात जाऊन यावं की मुक्काम करावा? तिथल्या रेसट्रॅक नावाच्या सुक्या तळ्यावरचे सरकणारे दगड बघता येतील का? की जून टाळावाच? बाबा म्हणतात, "४५ डिग्री आपल्याला काय नवीन आहे?"

घाटवाट
बाबांना सांगा, दिवसाचा आकडा ओळखीचा असेल, पण रात्रीही फारसा दिलासा नाही. खोऱ्याच्या तळाशी फर्नेस क्रीकला जूनमध्ये कमाल तापमान सरासरी ४३ अंशांच्या आसपास असतं, ४८ सुद्धा होतं. खोरं समुद्रसपाटीच्या खाली, दोन्ही बाजूंना उंच डोंगर. तापलेली हवा वर चढते, जराशी निवते, पुन्हा खाली येताना दाबली जाऊन परत तापते. त्यामुळे पहाटेचा गारवा असा मिळतच नाही. सावलीही नाही. खिशात कांदा ठेवून भागणार नाही. डोक्याला दुपट्टा मात्र जरूर.

खरा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. तरी जूनमध्ये जमतं, फक्त सगळं घड्याळावर बसवायचं. दहा वाजल्यानंतर खालच्या भागात पायी फिरू नका, असं उद्यानवालेच सांगतात. वेगासहून एका बाजूला दोन तास आणि सूर्योदय साडेपाचच्या सुमारास, म्हणजे एका दिवसात करायचं तर तीनला निघावं लागेल. त्यापेक्षा आदल्या रात्री बिटीला राहा. गाव उद्यानाबाहेर, हजारेक मीटर उंचीवर, त्यामुळे रात्र सुसह्य, आणि आतल्या हॉटेलांपेक्षा स्वस्त.

बिटीहून सव्वाचारला निघालात की उजाडताना झाब्रिस्की पॉइंट, खडकांचा देखावा बघायची जागा. तिथे पार्किंगपासून वर जाणारी वाट पक्की आहे पण चढाची, बाबांनी गाडीशीच थांबलेलं बरं. मग थेट बॅडवॉटर, खोऱ्यातलं सर्वांत खोल मिठाचं मैदान, समुद्रसपाटीखाली ८६ मीटर. पूर्वेला डोंगर अगदी अंगावर असल्याने सकाळी लवकर तिथे त्याची सावली पडलेली असते. हे फार कमी जण लक्षात घेतात. लाकडी फळ्यांचा मार्ग पार्किंगलाच लागून आहे, बाबांना तेवढं जमेल. मागे वळून कड्याकडे बघा, समुद्रसपाटी कुठे येते त्याची पाटी वर उंचावर दिसते.

परतताना आर्टिस्ट्स ड्राइव्ह. रंगीत डोंगरांमधून जाणारा ९ मैलांचा एकेरी रस्ता, दक्षिणेकडून उत्तरेकडे, म्हणून बॅडवॉटरला जाताना नाही तर येतानाच घ्यायचा. रंग दुपारच्या उन्हात जास्त खुलतात हे खरं, पण जूनमध्ये तो हट्ट नको. शेवटी डान्टेज व्ह्यू, सुमारे १,६७० मीटर, खालच्यापेक्षा दहाएक अंश थंड. पार्किंगमधूनच सगळं खोरं दिसतं. गुडघ्याचा विचार करता माझ्या मते हीच जागा सर्वांत मोलाची. तिथून डेथ व्हॅली जंक्शन, पारम्प करत वेगास.

प्रवेश एका गाडीला ३० डॉलर, सात दिवस चालतो. रोख घेत नाहीत, कार्ड ठेवा.

चक्रधर
गाडीबद्दल. टाकी बिटीलाच भरून घ्या, आत पेट्रोल बरंच महाग. टायरची हवा सकाळी टायर थंड असताना बघा, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे. पळून तापल्यावर आकडा ४-५ पीएसआयने वाढलेला दिसतो. तो बघून हवा काढू नका. काढली तर टायर प्रत्यक्षात कमी हवेवर पळतो, त्याची बाजू जास्त दबते, अजून तापते, आणि तिथेच फुटतो. भाड्याच्या गाडीत स्टेपनी आहे की नुसतं पंक्चर किट, ते ताब्यात घेतानाच डिकी उघडून बघा.

डान्टेज व्ह्यूचा शेवटचा चढ जबर आहे. इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकू लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण. अंगाची लाही होईल, पण इंजिनाची उष्णता बाहेर पडेल. तरी उतरेना तर सुरक्षित जागी थांबा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. उतरताना खालचा गिअर, नुसत्या ब्रेकवर नको.

मोबाईलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते. नकाशे आधीच उतरवून घ्या आणि त्यात दिसणारे कच्चे 'जवळचे' रस्ते घेऊ नका. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत जायचं नाही.

खडकवेडी
रेसट्रॅक विसरा. युबेहीबी विवराशी डांबर संपतं, पुढे २७ मैल खडबडीत कच्चा रस्ता, धारदार दगडांचा. उंच गाडी आणि जाड टायर लागतात. भाड्याच्या करारात कच्चा रस्ता बहुधा चालतच नाही, आणि टोइंगचं बिल चार आकड्यांत जातं. दगडांचं कोडं २०१४ साली सुटलंय: हिवाळ्यात उथळ पाण्यावर बर्फाचा पातळ थर धरतो, तो फुटला की वारा बर्फाच्या त्या पत्र्यांना ढकलतो आणि पत्रे दगडांना. उन्हाळ्यात तसंही काही हलत नाही.

पळसफूल
सगळ्यांचे आभार, बिटी नक्की. पाणी किती घ्यावं? आणि संध्याकाळी वाळूच्या टेकड्या?

घाटवाट
माणशी दिवसाला किमान ४ लिटर, गाडीसाठी वेगळे ५-६. घाम लगेच सुकतो, त्यामुळे किती गेला ते कळत नाही. नुसतं पाणी ढोसू नका, सोबत खारं काहीतरी हवं. आईची गोळी लघवी वाढवणारी असेल तर पाणी-मिठाचं डॉक्टरांना आधी विचारा. औषधं बंद गाडीत ठेवू नका. दशम्या आणि लोणचं दोन दिवस सहज टिकतं.

टेकड्या पहिल्या दिवशी सूर्यास्ताला, आठच्या आसपास, रस्त्यालगतच्या पार्किंगमधून बघा. वाळू हवेपेक्षा खूप जास्त तापते. चपला नकोत, बंद बूट घाला. अंधार पडल्यावर वाळूत शिरू नका, साइडवाइंडर हे विषारी साप उन्हाळ्यात रात्रीच बाहेर पडतात.