पहिल्याच दिवशी नियमांचा कागद, कॅल्क्युलसला एवढं कडक सगळीकडेच असतं का?

खाडीपल्याड:
नमस्कार सगळ्यांना. मी एफवायबीएस्सीला आहे, मॅथ्स घेतलंय, दापोली साइडची, कॉलेज कुठलं ते विचारू नका उगाच. तर झालं असं की कॅल्क्युलसच्या पहिल्या लेक्चरला सरांनी काही शिकवलंच नाही, एक पाठपोट झेरॉक्स वाटली आणि म्हणाले वाचा, घरी दाखवा, खाली सही करून आणा. बाबांना वाटलं फीचा कागद आहे.

त्यात काय काय आहे सांगते. हजेरी ७५ टक्के, हे सगळीकडे असतं ते माहितीय, पण १० मिनिटांनंतर आलात तर वर्गात बसा, हजेरी मात्र लागणार नाही. शनिवारी ट्युटोरियलचे प्रॉब्लेम मिळणार ते हाताने लिहून सोमवारी लेक्चरच्या आधी टेबलावर, उशीर झाला तर घेणार नाहीत, पूर्ण सेमिस्टरमध्ये दोनदाच माफ. टेस्ट तीन, त्यातल्या चांगल्या दोन धरणार, एखादी बुडली तर परत घेणार नाहीत, तीच वगळलेली समजायची. कॅल्क्युलेटर बंद. नुसतं उत्तर लिहिलं तर शून्य. मैत्रिणींबरोबर बसून सोडवलं तर चालेल पण लिहायचं आपापलं आणि कोणाबरोबर बसलो तिचं नाव वर लिहायचं. अ‍ॅपवरून उतरवलंय असा संशय आला तर फळ्यावर येऊन सोडवून दाखवायचं, ही तर धमकीच वाटली मला.

आता माझा प्रॉब्लेम. लेक्चर सोम-बुध-शुक्र सकाळी साडेसातला आणि मी येते गावातल्या वस्तीच्या एसटीने, ती रात्री गावातच मुक्कामी असते आणि सहाला सुटते, सगळं नीट असलं तर सात वीसला पोचते, पण पावसात नीट कधी असतं, झाड पडलं, ड्रायव्हर बदलला, फाट्यावर दुसऱ्या गाडीची वाट बघत उभी राहिली, की पावणेआठ. आठवड्यातून एकदा तरी होतंच. बारावीपर्यंत मुलींचा पास फुकट होता, आता पैसे भरून उशीर विकत घेतेय. वर पहिली टेस्ट नेमकी गणपतीच्या आदल्या आठवड्यात आणि सुट्टीनंतरच्या सोमवारी लगेच ट्युटोरियल. आमच्याकडे गौरी-गणपतीला मुंबईची सगळी मंडळी येतात, २०-२५ माणसं घरात, मी कुठल्या कोपऱ्यात बसून लिमिट सोडवू?

आणि सगळ्यात लागलं ते हे की पहिल्या ट्युटोरियलला मला १० पैकी ३. बारावीला मॅथ्समध्ये ८६ होते हो मला. उत्तरं बरोबर होती माझी सगळी!! सब्जेक्ट बदलून घ्यावा का, अजून मुदत आहे.

टीवायवाला:
बदलू नको. मी याच वाटेने गेलोय आणि मला एफवायला कॅल्क्युलसमध्येच केटी लागली होती, म्हणजे नापास होऊन विषय मागे राहिला होता, त्यामुळे माझा सल्ला हुशार माणसाचा नाही, आपटलेल्या माणसाचा समज.

आमच्या सरांनी असला कागद वगैरे कधी दिला नाही, आम्हाला वाटलं वा काय मस्त सर, कधी या कधी जा, ट्युटोरियल कधीपण द्या. मग सेमिस्टर संपायच्या आठवड्यात अचानक डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे हजेरी कमी असलेल्यांची यादी लागली, त्यात अर्धा वर्ग, आईबाबांना घेऊन या, आणि जर्नल दोन रात्रीत पूर्ण करून सर्टिफाय करून घ्या. गणिताला प्रॅक्टिकल आणि जर्नल असतं हे माझ्या घरी तर आजपर्यंत कोणाला पटलेलं नाही, आई म्हणायची गणिताचं कसलं रे प्रॅक्टिकल, बाजारात जाऊन हिशोब करतोस काय. दोन रात्रीत जर्नल उतरवलं एका मुलीचं, तिच्या चुकांसकट. एकही लिमिट स्वतः सोडवलं नव्हतं. पेपरात पहिलाच प्रश्न डेफिनिशनवरून सिद्ध करा आणि मी पेन चावत बसलो तो बसलोच.

म्हणून सांगतो, दर सोमवारी टेबलावर द्यायचं हा तुला जाच वाटतोय ना, तोच मला कोणी केला असता तर. त्या दोन माफ्या मात्र गणपतीआधी वापरून टाकू नको, आमचे लोक पहिल्या दोन आठवड्यात उडवतात आणि मग रडतात.

काजूगर:
एकत्र बसा पण नाव लिहा, हा नियम मला आवडला ब्वा. आमच्या बॅचला एकाचं सबमिशन ४० जणांत फिरायचं, एकाने अधिक चिन्ह चुकून वजा केलं तर ४० वह्यांत वजा.

मालवणी_काका:
गो बाय, माका तुझा दुखणा कळता, पण ऐक. आमच्या टायमाक असो कागद मिळणा नाय होतो, मास्तरांच्या कपाळावरच्ये आठये बघून नियम समजायचे. म्हणजे एका पोराक उशीर चालायचो, दुसऱ्याक नाय, बाप कोण त्याच्यावर. लिहून दिलेला बरा.

आणि तू दापोलीची ना? मग तुमच्याच बाजूच्या मुर्डीचे रँग्लर परांजपे, १८९९ साली केंब्रिजला गणितात सीनियर रँग्लर झाले, म्हणजे परीक्षेत पहिले आले, असे पहिले भारतीय. महर्षी कर्वे पण तुमच्या मुरुडचे, फर्ग्युसनला वर्षानुवर्षं गणितच शिकवायचे. गणित सोडून जातंय काय तू?

खाडीपल्याड:
काका परांजप्यांचं नाव सांगून सर हजेरी लावतील का? 😅 पण मुर्डी आमच्या इथून खरंच जवळ आहे.

खडूचीधूळ:
मी दुसऱ्या एका तालुक्यात हाच पेपर शिकवते, १५ वर्षं झाली, आणि असाच कागद मीही वाटते, त्यामुळे जरा आमच्या बाजूनेही ऐक.

आधी एसटीचं. हिशोब मांड. आठवड्याला ३ लेक्चर्स, १५ आठवडे धरले तर ४५. ७५ टक्के म्हणजे ३४ हवीत, तुझ्याकडे ११ ची मोकळीक आहे. दर आठवड्याला एक गेलं तर १५ जातात, ३० उरतात, म्हणजे ६६ च्या जरा वर, म्हणजे तू डिफॉल्टर. आणि ही तुझी चूक नसेल, पण डिसेंबरमध्ये येऊन हे सांगितलंस तर मी काहीही करू शकत नाही, मस्टर भरून वर गेलेलं असतं. आत्ता पहिल्या महिन्यात सांगितलंस तर करता येतं. एक साधा अर्ज लिही, पासाची झेरॉक्स जोड, गाडी कुठून किती वाजता सुटते ते लिही, आणि त्या गाडीने येणाऱ्या अजून कोण मुली असतील त्यांच्या सह्या घे. माझ्याकडे एका वर्षी असा अर्ज आला तेव्हा मी त्या मुलींसाठी २५ मिनिटांपर्यंत हजेरी धरली, आणि पहिली १५ मिनिटं मागच्या लेक्चरची उजळणी ठेवायला लागले, सगळ्यांचाच फायदा झाला. तुझे सर तसंच करतील असं मी म्हणत नाही. पण कागदावर सही मागणारा माणूस कागदावरचा अर्ज वाचतो, एवढा माझा अनुभव. सोमवारी टेबलावर द्यायचं ट्युटोरियल शनिवारीच लिहून काढ, गाडीतल्या दुसऱ्या कोणाबरोबर पाठवू नको, स्वतःच सरांना विचार की शनिवारीच ऑफिसात ठेवलं तर चालेल का. बहुतेक हो म्हणतील.

गणपतीचं म्हणशील तर तीनातल्या दोन टेस्ट धरायचा नियम त्याच्यासाठीच असतो. ताप येतो, घरात कार्य निघतं, पूर येतो. पण पहिली टेस्ट मुद्दाम सोडलीस तर पुढे ताप आल्यावर हातात काही राहत नाही. पहिली दे, २५ माणसं यायच्या आधीच आहे ना ती.

आता ते ३ मार्क. मी पैज लावते, प्रश्न होता की एक्सचा वर्ग, एक्स २ कडे जाताना, लिमिट ४ हे व्याख्येवरून सिद्ध करा, आणि तू लिहिलंस एक्स जागी २ ठेवले, ४ आले. बरोबर? दरवर्षी निम्मा वर्ग हेच लिहितो, आणि ८०-९० वाले जास्त, कारण बारावीने तुम्हाला किंमत ठेवायची सवय लावलीय. किंमत ठेवून आलेलं उत्तर हे त्या बिंदूवरचं, लिमिट विचारतेय बिंदूच्या आजूबाजूचं. बिंदूवर फंक्शन नसलं तरी लिमिट असू शकतं.

घरी चिऱ्याचं बांधकाम बघितलंस ना? मालक म्हणतो भिंत एका सुताच्या आत सरळ पाहिजे, तो व्याख्येतला एप्सिलॉन, म्हणजे उत्तर ४ पासून किती लांब गेलेलं चालेल ते. गवंड्याने ठरवायचं की मग चिरा ओळंब्यापासून जास्तीत जास्त किती हलला तर चालेल, तो डेल्टा, म्हणजे एक्स २ पासून किती लांब गेलेला चालेल ते. मालक उद्या म्हणाला अर्धं सूत, तर गवंड्याने नवा डेल्टा काढून द्यायचा. मालक कितीही कटकट्या असला तरी दरवेळी डेल्टा देता आला, तर लिमिट सिद्ध. म्हणून आधी एप्सिलॉन समोरच्याचा, मग डेल्टा तुझा, हा क्रम उलटा लिहिलात की मी मार्क कापते. आणि ही कल्पना पहिल्या झटक्यात नाही समजली तर वाईट वाटून घेऊ नको, न्यूटन आणि लायब्निझ यांनी कॅल्क्युलस मांडलं सतराव्या शतकात, आणि ही व्याख्या नीट घट्ट बसली ती एकोणिसाव्यात, कोशी आणि वायरश्ट्रास यांच्या काळात. मधे दीडशे वर्षं लोक भरपूर बरोबर उत्तरं काढत होते, का बरोबर ते नीट सांगता येत नव्हतं. तुझ्या ३ मार्कांसारखंच.

दुसरं एक नेहमीचं, साइन एक्स बाय एक्स, एक्स शून्याकडे जाताना, याला ते हॉस्पिटलवालं लावणं, म्हणजे शून्य बाय शून्य आलं की वरच्याचं आणि खालच्याचं वेगवेगळं डेरिव्हेटिव्ह घेऊन भागायचा नियम (लोपिताल म्हणा पोरांनो, फ्रेंच माणूस होता, आणि नियम मुळात योहान बर्नुलीचा). उत्तर १ येतं, बरोबर येतं, पण साइनचं डेरिव्हेटिव्ह कॉस असतं हे सिद्ध करायलाच हे लिमिट लागतं, म्हणजे आपलंच शेपूट आपण धरलं. आणि वर एक्स अधिक १, खाली एक्स अधिक २, एक्स शून्याकडे, तिथे शून्य बाय शून्य नसतानाच नियम लावला की १ येतो, खरं उत्तर अर्धं. स्टेप्स का बघतो कळलं?

कॅल्क्युलेटर तर विचारूच नको. एका मुलाने साइन ०.१ भागिले ०.१ करून बघितलं, ०.०१७४५ आलं, आणि मला सांगायला आला की पुस्तक चुकलंय. मशीन डिग्रीवर होतं, रेडियनवर नाही.

टीवायवाला:
मॅडम तुम्ही आमच्या कॉलेजला का नव्हता.

मालवणी_काका:
चिऱ्याचो हिशोब माका पण कळलो, ४० वर्षांनी.

खाडीपल्याड:
मॅडम पैज जिंकलात, अगदी तेच लिहिलं होतं मी, २ ठेवले ४ आले. 🙈

आज अर्ज दिला. आमच्या गाडीच्या चार मुली निघाल्या, मला वाटलं होतं मी एकटीच. सर म्हणाले पंधरा मिनिटांपर्यंत हजेरी धरतो, पण गाडी वेळेवर आली आणि तुम्ही कॅन्टीनला दिसलात तर चौघींचीही बंद. ट्युटोरियल शनिवारी दुपारी ऑफिसच्या खिडकीत ठेवायला परवानगी. गणपतीनंतरचं मात्र सोमवारीच, त्यात बदल नाही, म्हणाले मीपण गावी जातो, मीपण तपासतो. काय बोलणार यावर. सब्जेक्ट बदलत नाहीये सध्या.

एक विचारू का? त्या एक्सच्या वर्गाच्या उत्तरात सरांनी डेल्टा म्हणजे १ आणि एप्सिलॉन भागिले ५ यातलं जे लहान ते, असं लिहिलंय. एप्सिलॉन भागिले ५ एकटं का नाही पुरत, आणि ५ आला कुठून?

खडूचीधूळ:
एक्सचा वर्ग वजा ४ चे दोन अवयव पाड. एक्स वजा २ वर तुझा ताबा आहे, तो डेल्टाच्या आत आहेच. एक्स अधिक २ मोकाट सुटलाय, एप्सिलॉन मोठा दिला तर डेल्टाही मोठा होतो आणि तो कितीही वाढेल. म्हणून आधी कुंपण घालायचं, एक्स २ पासून १ च्या आतच फिरेल असं. मग एक्स १ आणि ३ च्या मधे, म्हणजे एक्स अधिक २ पाचाच्या आत. १ हे कुंपण, ५ त्या कुंपणातून आलेला.

आता एक्सचा घन घे, तिथेच, २ कडे, लिमिट ८. कुंपण १ चंच ठेव. ५ च्या जागी काय येतं सांग.

खाडीपल्याड:
थांबा, गाडी खडखडतेय, वही नीट धरता येत नाहीये.

खाडीपल्याड:
१९?

खडूचीधूळ:
१९. स्टेप्स लिही इथे.