पाण्याखालची हॉकी: दम टिकत नाही, रविवारच्या आत सांगा

रंकाळावेस: तीन महिने खेळतोय. बुडी मारली की 15 सेकंदांत वर यावं लागतं, बाकीची पोरं निवांत खाली. रविवारी आमच्यात सामना आहे. दम कसा वाढवायचा तेवढं सांगा.

तांबडा_पांढरा: पाण्याखाली हॉकी? चेंडू तरंगत नाही काय मर्दा?

रंकाळावेस: चेंडू नसतोय. शिशाची चकती, सव्वा किलोच्या वर. तळाला बसते.

विहिरीतला_बेडूक: खोली किती? गॉगल का मास्क? बुडीआधी काय करतोस?

रंकाळावेस: दोन मीटर. मास्क. दमाचं बोला की.

पहाटयोगी: कपालभाती! बुडीआधी तीस झटके मार. मी दीड मिनिट दम धरतो.

रंकाळावेस: तसलंच करतोय, वीस जोराचे श्वास. परवा 40 सेकंद काढले. बोटांना मुंग्या आल्या, डोळ्यापुढं अंधारी आली, पण वेळ वाढली.

विहिरीतला_बेडूक: आणि हे आत्ता सांगतोस? काठावर कोण होतं?

रंकाळावेस: कोण नाही. सकाळी साडेसहाला तलाव रिकामा असतोय, म्हणून तर जातो.

विहिरीतला_बेडूक: बंद कर आधी. श्वास घ्यावासा वाटतो तो कार्बन डायऑक्साइड साठतो म्हणून. जोरात श्वास टाकून तू तोच घालवतोस, ऑक्सिजन काही फारसा वाढत नाही. मग तगमग व्हायच्या आतच शुद्ध जाते. दोन मीटर काय, कमरेएवढ्या पाण्यातही माणूस जातो.

पहाटयोगी: प्राणायामानं कुणी मेलेलं ऐकलं नाही.

विहिरीतला_बेडूक: चटईवर करा की. चटईवर भोवळ आली तर माणूस आडवा होतो, पाण्यात बुडतो.

तांबडा_पांढरा: आपल्या वीरधवल खाडेनं 2010 च्या आशियाई स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायमध्ये ब्राँझ आणलं, त्यानं केलती काय कपालभाती?

पहाटयोगी: तो पाण्याच्या वर पोहतो. विषय काय, बोलताय काय.

जुना_गोलकीपर: पुण्यात असताना हा खेळ खेळलोय. 15 सेकंद कमी नाहीत रे. सहा जण पाण्यात असतात ते कशाला? चकती पुढं ढकल आणि ये वर, तोवर दुसरा खाली गेलेला पाहिजे. तू वर आल्या आल्या परत सूर मारत असणार. नळीतून दोन-तीन शांत श्वास घे, मग जा. दम पोहून पोहून वाढतो, रविवारपर्यंत नाही. सर्दी असेल तर उतरूच नको, कान जातील.

रंकाळावेस: व्हय, लगेच जातो खरं. बरं, शनिवारी काठावर बसायला कोण येतंय? मिसळ माझ्याकडं.

तांबडा_पांढरा: मी येतो. पोहायला येत नाही, चालतंय?

विहिरीतला_बेडूक: नाही.