स्वानंद किरकिरे: नट म्हणून इंदूरचे किती?

रामबागकर
स्वानंद किरकिरेंचं नाव निघालं की आपल्याकडे सगळे गाण्यांवर जातात. ‘लगे रहो मुन्नाभाई’ आणि ‘थ्री इडियट्स’च्या गीतांसाठी दोन राष्ट्रीय पुरस्कार, मान्य. पण २०१८ च्या ‘चुंबक’ या मराठी चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यांनाच मिळाला, हे इंदुरातल्या किती मराठी घरांत ठाऊक आहे? माझं ठाम मत आहे की त्यांच्यातला नट इथेच रुजला. आई-वडील दोघंही शास्त्रीय गायक, घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. ‘थ्री ऑफ अस’ या चित्रपटात बायको बालमित्रापाशी खुलते आणि किरकिरेंनी साकारलेला नवरा ते बघत राहतो. ना आकांडतांडव, ना मोठे संवाद. पण मनात काय चाललंय ते सगळं कळतं. सूर कुठे थांबवायचा हे लहानपणापासून कानावर पडलेल्या माणसालाच हे जमतं.

पलासिया
नाही पटलं. जन्म इंदूरचा, नट दिल्लीचा. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिक्षण झालं, मग मुंबईत दिग्दर्शक सुधीर मिश्रांबरोबर काम, त्यांच्याच ‘हजारों ख्वाहिशें ऐसी’साठी ‘बावरा मन’ लिहिलं आणि गायलं. नट म्हणून नाव झालं ते चाळिशी उलटल्यावर. यात इंदूरने काय केलं? विनोदी नट जॉनी वॉकरही इथलेच. वडिलांची गिरणीतली नोकरी गेली, कुटुंब मुंबईला गेलं, आणि लोकांना हसवण्याची कला लोकांनी पाहिली ती बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर असताना. गाव सोडलं म्हणून ही माणसं मोठी झाली. नंतर ‘आमचे, आमचे’ म्हणणं मला खटकतं.

रामबागकर
शिक्षण दिल्लीचं, हे कोण नाकारतंय? पण ‘चुंबक’मधला त्यांचा प्रसन्न आठवा. वयाने मोठा, मनाने लहान मूल, फसव्या मेसेजवर विश्वास ठेवून बसलेला. अशा भूमिकेत भलेभले नट प्रेक्षकाकडे दया मागतात. किरकिरे मागत नाहीत. तो भाबडेपणा तालमीत शिकवता येत नाही, तो माणसांत वाढून येतो.

मूळ इंदूर, हल्ली पुणे
भाबडी माणसं काय फक्त इंदुरात राहतात? तरी एक सांगतो. पुण्यात मी तोंड उघडलं की समोरचा विचारतो, ‘तुम्ही तिकडचे का?’ हिंदी मुलखात मराठी, महाराष्ट्रात ‘तिकडचा’, असं जगलेला माणूस बोलण्याआधी ऐकायला शिकतो. ‘थ्री ऑफ अस’मधला नवरा, दीपंकर, मला म्हणून खरा वाटतो. बायकोच्या गावात तो पाहुणाच आहे.

पण माझी खंत निराळी आहे. रंगकर्मी बाबा डिके यांच्या ‘नाट्यभारती’ या संस्थेने इंदुरात मराठी नाटक उभं केलं. आता मुंबई-पुण्याचं नाटक आलं की आपण आवर्जून जातो, आणि गावातल्या पोरांनी बसवलेलं असलं की फुकट पास मागतो. दोन-दोन महिने रात्री तालीम करून ही मुलं एक प्रयोग करतात आणि पुढच्या चार रांगा रिकाम्या असतात. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

पलासिया
मग माझंच म्हणणं खरं ठरलं की! नट इथे टिकत नाही.

रामबागकर
टिकत नाही याचं मलाही वाईट वाटतं, पण रुजणं आणि टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि पलासिया, तुम्ही ‘चुंबक’ पाहिलाय का, ते आधी सांगा. प्रसन्नबद्दल तुम्ही अजून एक शब्द लिहिलेला नाही.